रबर म्हातारं कसं होतं? (गॅसची नळी, कुकरची रिंग आणि आमची सत्तर डिग्रीची भट्टी)

भट्टीवाला:

परवा ताईकडे गेलो होतो. ओट्याखाली वाकून गॅसची नारिंगी नळी बघितली (जुनी खोड, कुणाच्याही घरी गेलो की बघतो). रेग्युलेटरपाशी ती जिथे वळते तिथे बोटाने जरा वाकवली, तर वळणाच्या बाहेरच्या अंगाला केसाएवढ्या बारीक भेगा. सगळ्या नळीला आडव्या, एकीशेजारी एक. बाकी नळी अगदी नवी दिसत होती. ताई म्हणाली, "दिसायला तर छान आहे की रे, वासही येत नाही." नळीवरची तारीख पुसली गेली होती. तिच्या हिशेबाने नळी "घराला रंग दिला तेव्हाची", म्हणजे सात वर्षांची. पाच वर्षांनी बदला असं सांगतात, ते कुणाच्या लक्षात राहतं? दुसऱ्या दिवशी मीच उभा राहून बदलून घेतली.

भोसरीत रबराचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये मी बावीस वर्षं काढली. काम एकच: चांगलं रबर मुद्दाम म्हातारं करायचं आणि ते किती लवकर हात टेकतं ते लिहून ठेवायचं. त्या भेगा बघून वाटलं, यावर एकदा सविस्तर लिहावं.

नैसर्गिक रबर म्हणजे लांबच लांब साखळ्यांचा गुंता. शेवयांच्या ढिगासारखा, फक्त शेवया न तुटता ताणल्या जातात. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता वापरून या साखळ्या जागोजागी एकमेकींना टाचल्या, म्हणून रबर ताणून सोडलं की परत येतं. पण प्रत्येक साखळीत ठरावीक अंतरावर एकेक दुहेरी बंध असतो. गंधक टाचायची सोय त्याच्याचमुळे होते, आणि हवेतला ऑक्सिजनही तिथूनच आत शिरतो.

ऑक्सिजन शिरला की रबराला दोनपैकी एक मरण येतं. साखळ्या तुटत गेल्या तर रबर मऊ पडतं, चिकट होतं. जुन्या फायलीवरचा रबरबँड कागदाला चिकटून बसतो, तो हा प्रकार. उलट साखळ्या एकमेकींना जास्तच टाचल्या गेल्या तर रबर कडक होतं आणि वाकवलं की कडकन मोडतं. नैसर्गिक रबर बहुधा पहिल्या वाटेने जातं, नायट्राइल आणि टायरमधलं एसबीआर (दोन्ही कृत्रिम रबरं) दुसऱ्या वाटेने. लॅबमध्ये जुना तुकडा हातात आला की आधी नख रुतवून बघायची सवय लागते. कुठलं रबर असावं याचा अर्धा अंदाज तिथेच येतो.

ताईच्या नळीवरच्या भेगा मात्र ऑक्सिजनच्या नाहीत, ओझोनच्या. हवेत तो नावालाच असतो, पण दुहेरी बंध दिसला की थेट तोडतो. रबर सैल पडलेलं असेल तर वरचा पातळ थर खराब होतो आणि तोच थर खालच्या रबराला झाकून ठेवतो, पुढे फारसं काही होत नाही. रबर ताणलेलं असेल तर तो थर फाटतो, खालचं ताजं रबर उघडं पडतं, ओझोन तेही खातो, भेग आणखी खोल जाते. म्हणून ओझोनच्या भेगा नेहमी ताणाला काटकोनात, आणि नळीवर फक्त वळणाच्या बाहेरच्या अंगाला. १९५० च्या आसपास लॉस एंजेलिसच्या धुरकट हवेवर काम करणारे हागेन-स्मिट तर रबराच्या वाकवलेल्या पट्ट्यांना किती वेळात भेगा पडतात यावरून हवेतला ओझोन मोजत. आपल्या दृष्टीने रबराचा दोष, त्यांच्या दृष्टीने मोजपट्टी!

आता चाचणी. दोन मिलिमीटर जाडीची शीट घ्यायची आणि तिच्यातून डायने डंबेल पाडायचे: दोन्ही टोकं रुंद, मधली कंबर बारीक. काही डंबेल तसेच ओढून तोडायचे. किती जोराला तुटले आणि तुटेपर्यंत किती लांबले, ते लिहायचं. बाकीचे एकमेकांना किंवा भिंतीला टेकणार नाहीत असे भट्टीत टांगायचे. साधारणपणे ७० अंश, सात दिवस. आत हवा खेळती पाहिजे, तासाला तीन ते दहा वेळा बदललेली. बाहेर काढल्यावर लगेच ओढायचे नाहीत, किमान सोळा तास शांत पडू द्यायचे. मग ओढायचे. भट्टीत जाण्याआधी साडेचारशे टक्के लांबणारा डंबेल नंतर तीनशे साठवर तुटला, तर लांबण्याची ताकद वीस टक्के गेली. सोबत शोअर ए हार्डनेस (रबराच्या कडकपणाचं माप) किती पॉइंट चढला तेही. आपल्याकडे हे सगळं आयएस ३४०० या भारतीय मानकाच्या वेगवेगळ्या भागांत दिलेलं आहे.

ही युक्ती शंभर वर्षांहून जुनी. अमेरिकेत गुडरिच कंपनीत विल्यम गीर यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात ७० अंशांची भट्टी रूढ केली. पुढे १९२४ मध्ये बिअरर आणि डेव्हिस यांनी पोलादी भांड्यात २१ बार दाबाचा शुद्ध ऑक्सिजन भरून तेच आणखी वेगाने करायची पद्धत काढली. त्या भांड्याला लॅबमध्ये सरळ 'बॉम्ब' म्हणतात. "बॉम्ब लावून आलो" असं मी एकदा फोनवर घरी बोललो तेव्हा बसमधली शेजारची बाई उठून पुढच्या सीटवर गेली.

घरी करून बघण्यासारखं: तीन सारखे रबरबँड घ्या. एक बाटलीवर ताणून बाल्कनीत, एक तसाच सैल बाल्कनीत, एक बाटलीवर ताणून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. कुणी केलं तर इथे कळवा.

तिरकस:

म्हणजे बावीस वर्षं पगार घेऊन चांगल्या मालाची वाट लावलीत म्हणा की.

कुकरची_शिट्टी:

भाऊ, छान लिहिलंय. माझा प्रश्न रोजचा आहे. कुकरची रिंग फाटत नाही, भेगा नाहीत, चिकटही नाही. तरी वर्षभरात बाजूने वाफ जायला लागते आणि शिट्टी होत नाही. सासूबाई म्हणतात थंड पाण्यात टाक. टाकली की दोन दिवस बरी चालते, मग परत तेच. यात म्हातारपण कुठलं?

भट्टीवाला:

ताई, हे म्हातारपणच, पण वेगळ्या तऱ्हेचं. कुकरमध्ये पूर्ण दाबाला आत साधारण १२० अंश असतात. त्या उष्णतेत रिंग रोज दाबलेली राहते. दाबलेल्या अवस्थेतच साखळ्यांना टाचणाऱ्या काही जुन्या गाठी तुटतात आणि काही नव्या बसतात. या नव्या गाठींना मूळची जाडी ठाऊकच नसते, दाबलेली जाडी हीच त्यांची खरी. मग झाकण काढलं तरी रिंग पूर्ण फुगून येत नाही.

याला कॉम्प्रेशन सेट म्हणतात आणि माझ्या मते गॅस्केटसाठी टेन्साइलपेक्षा (म्हणजे डंबेल ओढून तोडण्यापेक्षा) हीच चाचणी कामाची. रबराची जाड गोळी असते, १२.५ मिमीची. दोन पोलादी पट्ट्यांत धरून ९.४ मिमीपर्यंत दाबायची, ७० किंवा १०० अंशांच्या भट्टीत २२ तास ठेवायची, सोडायची, अर्ध्या तासाने मोजायची. समजा ११.६ भरली. दाबली होती ३.१, परत न आलेली ०.९. म्हणजे सेट २९ टक्के. गोळी दिसायला ठणठणीत असते हो, गेज लावल्याशिवाय कळतच नाही.

सासूबाईंचं खोटं नाही. थंडीने रबर जरा ताठतं, तेवढ्यापुरतं बसतं. गेलेला सेट मात्र परत येत नाही. एक करा: कुकर धुतल्यावर झाकण लावून बंद करून ठेवू नका, उलटं टाकून ठेवा. रिंगेला तेवढीच विश्रांती.

मावशीबाई:

झाकण लावून ठेवायची सवय मला गेली चाळीस वर्षं आहे. आता सांगताय!

अर्धवट_इंजिनीयर:

काका, सात दिवस कशाला घालवायचे? १५० अंशांवर लावा, एका रात्रीत निकाल. आणि ७० अंशांचे सात दिवस म्हणजे खरे किती दिवस, हे तुम्ही सांगितलंच नाहीत.

भट्टीवाला:

मुद्दाम टाळलं होतं, कारण गिऱ्हाईक पहिल्या दिवशी हेच विचारतं आणि या प्रश्नाचं सरळ उत्तर देणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की क्रियेचा वेग दुप्पट. ३० वरून ७० म्हणजे चार वेळा दुप्पट, सोळा पट. सात दिवसांचे ११२ दिवस झाले. म्हणजे पाच वर्षांसाठी भट्टीत चार महिने! पण 'दुप्पट' हा आकडा प्रत्येक कंपाउंडचा (रबराच्या मिश्रणाचा) वेगळा. नीट करायचं तर तीन-चार तापमानांवर चाचणी घ्यायची, प्रत्येक ठिकाणी लांबण्याची ताकद निम्मी व्हायला किती वेळ लागला ते बघायचं आणि अऱ्हेनियसच्या पद्धतीने (तापमान आणि क्रियेचा वेग यांचा मेळ घालणारी) रेघ मारून ती खाली नेहमीच्या तापमानापर्यंत वाढवायची. रेघ जितकी लांब वाढवाल तितका तिच्यावरचा भरवसा कमी.

१५० वर का नाही? भाकरी मंद आचेवर वीस मिनिटं आणि भडक्यावर दोन मिनिटं हे सारखं नाही, म्हणून. इतक्या उष्णतेत आतलं तेल आणि अँटिऑक्सिडंट (ऑक्सिजनला अडवायला घातलेलं रसायन) उडून जातात, ३० अंशांवर कधीच न घडणाऱ्या क्रिया सुरू होतात. शिवाय वरचा पापुद्रा इतक्या वेगाने ऑक्सिजन खातो की आत काही पोचतच नाही. बाहेरून कवच, आत कोवळं रबर. खऱ्या वापरात तसं होत नाही.

आता माझीच एक फजिती सांगतो. एका स्वस्त कंपाउंडचा निकाल संशय यावा इतका चांगला आला. सात दिवस भट्टीत राहून जवळजवळ काहीच झालं नाही. साहेब खूश, कारण तो माल आमच्याच मिक्सिंगचा. मला झोप येईना. रजिस्टर चाळलं तर त्याच आठवड्यात त्याच भट्टीत, त्याच कप्प्यात एका महागड्या कंपाउंडचे डंबेल टांगले होते, भरपूर अँटिऑक्सिडंट घातलेले. तो उडाला आणि शेजाऱ्याने आयता खाल्ला! महागड्याचा निकाल तितकाच वाईट आला होता, पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मी एकाच भट्टीत दोन कंपाउंड लावले होते, जे करायचं नाही असं पहिल्या आठवड्यात शिकवतात. दोन्ही चाचण्या परत लावल्या. त्यानंतर भट्टीच्या दारावर मी स्वतःच्या हाताने चिठ्ठी चिकटवली: 'एका वेळी एकच पाहुणा.' मी निघालो तेव्हाही ती तिथेच होती, पिवळी पडलेली.

तिरकस:

चिठ्ठीचं पण एजिंग झालं. आयएस क्रमांक किती?

दोडामार्गकर:

मस्त धागा. माझी दोडामार्ग तालुक्यात रबराची बाग आहे. आमच्या भागात केरळहून आलेल्या लोकांनी ही शेती वाढवली, त्यांच्याचकडून शिकलो. पहाटे झाडाला चिरा द्यायचा, चीक वाटीत जमवायचा, ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये फॉर्मिक ॲसिड घालून थिजवायचा, रोलरमधून काढून शीट धुरावर वाळवायची. शिकवणाऱ्याने पहिल्याच दिवशी दम दिला होता: तांब्या-पितळेची भांडी या कामात नको. कारण विचारलं तर म्हणाला, "रबर खराब होतंय." एवढंच. यामागे काही आहे का?

आणि उन्हात विसरलेली शीट चिकट होते, हा अनुभव एका मे महिन्यात भरपूर घेतलाय. व्यापारी हात लावीना.

भट्टीवाला:

अगदी बरोबर शिकवलं. तांबं आणि मँगनीज ही रबराची विषं. अगदी अल्प प्रमाणात असली तरी ऑक्सिजनची क्रिया भराभर वाढवतात. डंबेल टांगायला पितळी आकडे चालत नाहीत ते याचसाठी. गंमत अशी की रेडियल टायरमधल्या पोलादी तारेवर पितळेचाच मुलामा असतो, कारण रबरातलं गंधक पितळेतल्या तांब्याला धरून बसतं आणि रबर तारेला पक्कं चिकटतं. तिथे तांब्याशिवाय चालत नाही.

तुमची शीट अजून गंधकाने टाचलेली नसते, कच्ची असते, म्हणून उन्हात ती आणखी लवकर ढिली पडते.

सिएटलचा_पाऊस:

टायरचा विषय निघाला म्हणून. टायरच्या बाजूला तपकिरी झाक येते, ती धूळ समजून मी वर्षानुवर्षं घासत होतो. नंतर कळलं की ते सिक्स-पीपीडी नावाचं रसायन, ओझोनला अडवण्यासाठी घातलेलं, हळूहळू पृष्ठभागावर येणारं. त्याची दुसरी बाजू इथे दिसली. आमच्या भागात पहिल्या मोठ्या पावसानंतर ओढ्यांत परतणारे कोहो सामन मासे अंडी घालण्याआधीच मरायचे. कारण सापडायला बरीच वर्षं लागली. डिसेंबर २०२० मध्ये इथल्या संशोधकांनी दाखवलं की टायरच्या झिजेतलं सिक्स-पीपीडी ओझोनशी संयोग पावून क्विनोन प्रकारचं एक नवं रसायन बनतं, आणि तेच या माशांना मारतं.

भट्टीवाला:

वाचलं होतं. आम्ही ते पोत्याने वापरलं आहे. ओझोनपुढे स्वतः आधी जळून रबराला वाचवायचं, हेच त्याचं काम. जळाल्यावर त्याचं काय होतं, हे आमच्या कुठल्याच चाचणीत विचारलेलं नव्हतं. आता पर्याय शोधताहेत. सोपं नाही, कारण टायरमध्ये नुसतं मेण पुरत नाही. मेण पृष्ठभागावर येऊन छान पापुद्रा धरतं, पण टायर फिरू लागला की तो पापुद्रा मोडतो. दोन्ही लागतात.

रच्याकने, टायरच्या बाजूला शेवटचे चार आकडे बघा. ३४२१ असेल तर २०२१ चा चौतिसावा आठवडा. दुकानात 'नवा' म्हणून तीन वर्षांपूर्वीचा टायर मिळू शकतो. सावलीत नीट ठेवला असेल तर मी घाबरणार नाही. वर्षभर एका जागी, उन्हात, कमी हवेवर उभ्या गाडीच्या टायरला जास्त घाबरेन.

पुलाखालचा_माणूस:

काका, मी पुलांच्या कामात आहे. खांब आणि गर्डर यांच्यामध्ये आम्ही रबराच्या गाद्या बसवतो, बेअरिंग. ताईंची नळी पाच वर्षांत बदलायची आणि या गाद्यांकडून आम्ही दशकानुदशकांची अपेक्षा ठेवतो. आम्ही स्वतःला फसवतोय का?

भट्टीवाला:

नाही! आणि हा माझा सगळ्यात आवडता मुद्दा. मेलबर्नला १८८९ मध्ये एका रेल्वे पुलाखाली नैसर्गिक रबराच्या गाद्या घातल्या होत्या. तेव्हा आजच्यासारखे अँटिऑक्सिडंट नव्हतेच. जवळपास शंभर वर्षांनी बघितलं तर खराब झालेला भाग पृष्ठभागाचा मिलिमीटरभर. ऑक्सिजनला आत जायला वेळ लागतो आणि वाटेतलं रबर त्याला खाऊन टाकतं. जाड ठोकळ्याचं कातडं म्हातारं होतं, पोट नाही. म्हणून डंबेल दोन मिमीचा घेतो, सगळ्या जाडीत हवा पोचावी म्हणून, आणि म्हणूनच त्या निकालावरून पुलाच्या गादीचं आयुष्य काढायला गेलात तर ती बिचारी उगाच नापास होते. नळीची भिंत पातळ, वाकवलेली, शेजारी शेगडी. तुमची गादी जाड, दाबाखाली, सावलीत. आणि दाबाखाली ओझोनची भेग उघडतच नाही. तुमच्याकडे कडेला फुगलेल्या भागावर तेवढी नजर ठेवा, ताण तिथे असतो.

अर्धवट_इंजिनीयर:

स्फोट झालेल्या चॅलेंजर अंतराळयानाची ओ-रिंग (सांध्यातली रबराची रिंग) पण याच प्रकारात ना?

भट्टीवाला:

नाही. १९८६ ची ती रिंग म्हातारी नव्हती, गारठली होती. थंडीत रबर सुस्तावतं, फट उघडली की तिच्यामागे धावत जात नाही. ऊब मिळाली असती तर परत तरतरीत झाली असती. म्हातारपण तसं जात नाही.

मावशीबाई:

माझा पण एक प्रश्न. ह्यांचे चांगले बूट लग्नापुरते वापरून खोक्यात ठेवले होते. चार वर्षांनी काढले तर तळवा हातात भुगा होऊन आला. न वापरता? दुकानदार म्हणतो वापरायला पाहिजे होते. हे कसलं तत्त्वज्ञान?

भट्टीवाला:

मावशी, ते रबरच नाही, पॉलियुरेथेन. त्याला ऑक्सिजनपेक्षा दमट हवा मारते, पाण्याची वाफ त्याच्या साखळ्या तोडते. कोकणात, मुंबईत खोक्यात बंद करून ठेवलं की भुगा ठरलेला. त्याची चाचणीही वेगळी: ७० अंश आणि ९५ टक्के आर्द्रता, आठवडाभर. तिला 'जंगल टेस्ट' म्हणतात. फ्रिजच्या दाराचं 'रबर'सुद्धा बहुधा पीव्हीसी असतं. आपण मऊ दिसेल त्याला रबर म्हणतो.

मावशीबाई:

मुंबईच निघाली जंगल.

कुकरची_शिट्टी:

भाऊ, लेकीने शाळेच्या प्रदर्शनासाठी तुमचा रबरबँडचा प्रयोग केला. आम्ही ठाण्यात, बाल्कनी पश्चिमेला. आज सोळावा दिवस. बाटलीवरचा बाहेरचा बँड अकराव्या दिवशी तुटला. त्याआधी भिंगातून आडव्या भेगा स्पष्ट दिसत होत्या, तिने चित्र काढलंय. सैल बँडला भेगा नाहीत, पण हाताला चिकट लागतो. डब्यातला अगदी पहिल्यासारखा. ती म्हणते ओझोनच सिद्ध झाला.

भट्टीवाला:

शाब्बास! भिंगातून चित्र काढलं हे फार आवडलं. पण तिला सांगा, परीक्षक अडवतील. बाहेरच्या बाटलीला ओझोन मिळाला आणि ऊनही मिळालं. डब्यात दोन्ही नाही. मग कुणी तोडला? चूक तिची नाही, मीच प्रयोग अर्धवट सांगितला. चौथी बाटली हवी: बँड ताणून, बाल्कनीतच, पण उन्हाआड. वरून पुठ्ठ्याचं खोकं उलटं टाकायचं, चारी बाजूंना मोठी भोकं पाडून, म्हणजे हवा खेळेल.

कुकरची_शिट्टी:

प्रदर्शन शनिवारी आहे हो! आज मंगळवार.

भट्टीवाला:

चार दिवसांत तुटणार नाही, पण भेगा पडायला लागल्या असतील तर भिंगाखाली दिसतील. आत्ता दुपारी लावा. दुपारी ओझोन जास्त असतो. आणि जास्त ताणून लावू नका, पहिल्याइतकीच बाटली हवी.

कुकरची_शिट्टी:

तीच बाटली धुवून घेतली. खोकं त्या बुटांचं... म्हणजे मावशींच्या नाही, आमच्याच. लावलं. ती भिंग घेऊन बाल्कनीत बसलीय, जेवायला येत नाहीये.